पदक कुठल्या मॅटवरचं?

"गोव्यातली मुलं कराटेत आंतरराष्ट्रीय पदकं आणतात, मग राष्ट्रीय संघटनेच्या भांडणाशी आपल्याला काय?" या तुमच्या प्रश्नाला जोडून थोडं.

संबंध थेट आहे. जागतिक आणि आशियाई स्पर्धेची प्रवेशिका जागतिक कराटे महासंघाने मान्य केलेली राष्ट्रीय संघटनाच भरते. २०२० मध्ये कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता गेली, तिथेच पोरांची वाट अडली. पुढे कराटे इंडिया ऑर्गनायझेशनला मान्यता मिळाली. टोकियोत कराटे पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं, पण आपला एकही खेळाडू तिथे नव्हता. पॅरिसमधून तर खेळच वगळला. आशियाई खेळांत तो १९९४ पासून आहे.

आता ती पदकं. शोतोकान, गोजू-र्यू अशा शैलींच्या संस्था आपापल्या 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा भरवतात. म्हापशाच्या पेडें स्टेडियमात शेजारच्या देशातले चार खेळाडू आले की बॅनरवर तो शब्द चढतोच! मुलांची मेहनत खरीच असते, त्याबद्दल वाद नाही. पण कॉमनवेल्थ कराटे स्पर्धेतल्या पदकाला पेपरवाले सरळ 'राष्ट्रकुल पदक' म्हणतात. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत कराटे नाहीच.

फी भरण्याआधी पालकांनी सरांना एवढंच विचारावं, प्रवेशिका कोणाच्या नावाने जाते?