रॉक्सची फोर बाय फोर आत्ताच घ्यावी की थांबावं?

पऱ्याकाठचा · ४ ऑक्टोबर २०२४

काल सकाळी महिंद्राच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं. एकवीस हजार बाजूला काढून ठेवले होते, कार्ड हातात होतं, आणि ऐनवेळी कच खाल्ली. नंतर वाचलं की पहिल्या तासाभरातच पावणेदोन लाखांवर लोकांनी नंबर लावला. म्हणजे तेवढ्या जणांचं ठरलंय, माझंच ठरत नाहीये.

गरज सांगतो. मी पुण्यात, कोथरूडला. गाव देवरुखजवळ. आई तिकडेच असते, गुडघ्यांच्या डॉक्टरसाठी दोन-अडीच महिन्यांनी तिला पुण्याला आणावं लागतं. येणं-जाणं आंबा घाटाने, साखरप्यावरून. डांबर संपलं की दीड किलोमीटर मातीचा रस्ता, मध्ये एक पऱ्या (ओढा), आणि घराच्या अलीकडे तीनशे मीटरची तांबड्या मातीची चढण. जून ते सप्टेंबर आमची अकरा वर्षांची बोलेरो खाली आंब्याच्या झाडाखाली लावायची आणि आईला खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं. यंदा गणपतीत खुर्चीसकट घसरलो. लागलं कुणालाच नाही. आई तर हसत होती. पण त्या रात्री ठरवलं, बास, आता चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर.

डोळ्यासमोर रॉक्सचं एमएक्स ५ मॅन्युअल मॉडेल आहे. फोर बाय फोरची शोरूम किंमत १८.७९ लाख, तीच साधी मागच्या चाकांवर चालणारी १६.९९. ऑटोमॅटिक हवी तर एएक्स ५ एल, थेट २०.९९. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्येच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आत्ताच नंबर लावू, की वर्षभर इतरांच्या गाड्यांचं काय होतंय ते बघू? की मारुतीची जिम्नी, फोर्सची गुरखा, महिंद्राचीच स्कॉर्पिओ एन यांपैकी काही?

डिझेलदादा · ४ ऑक्टोबर

थांबा. नवीन मॉडेल पहिल्या वर्षात घेऊ नये, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. कंपनीचं नाव घेत नाही. बाजारात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात गाडी घेतली, हौसेने पेढे वाटले. पहिल्या सहा महिन्यांत चार वेळा वर्कशॉप. दर वेळी एकच वाक्य, ‘साहेब, सॉफ्टवेअर अपडेट आलंय.’ पुढच्या वर्षी त्याच मॉडेलची गाडी मेव्हण्याने घेतली. तिला आजतागायत काही झालेलं नाही आणि तो दर दिवाळीला मला ते ऐकवतो.

थारचंच, म्हणजे रॉक्सच्या आधीच्या तीन दारांच्या गाडीचं बघायचं तर २०२० च्या शेवटी बनलेल्या १,५७७ डिझेल गाड्या इंजिनातल्या कॅमशाफ्टसाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीने स्वतः जाहीर केलं, फुकट दुरुस्त करून दिलं, त्याबद्दल मान आहे. पण त्या १,५७७ मध्ये आपण कशाला असावं?

नाशकातला · ५ ऑक्टोबर

दादांशी अर्धा सहमत. वाट बघण्याचीही किंमत असते. २०२० मध्ये थार आली तेव्हा ज्यांनी लगेच घेतली ते फायद्यात राहिले, मागून आलेल्यांना वाढीव दर लागला. उलट जिम्नी बघा. जून २०२३ ला १२.७४ लाखांपासून सुरू झाली आणि वर्ष सरायच्या आत १०.७४ ची खास आवृत्ती आली. ज्यांनी सहा महिने कळ काढली त्यांचे दोन लाख वाचले. ज्या गाडीसाठी रांग लागते तिचा भाव चढतो, जी शोरूममध्ये उभी राहते तिचा उतरतो. रॉक्स कुठल्या रांगेतली ते कालच्या आकड्यावरून कळलंच.

तेव्हा नंबर लावून ठेवा. नंबर लावला म्हणजे लग्न लागलं असं नाही. फक्त पैसे परत मिळण्याच्या अटी वाचा, आणि किंमत बुकिंगच्या दिवसाची धरणार की डिलिव्हरीच्या, हे लेखी घ्या.

अवांतर: गाडी आमच्या नाशकात बनते म्हणून नाशिककरांना आधी मिळते असं काही नाही. मी विचारून आलोय, हसले.

चिखलपाणी · ५ ऑक्टोबर

आधी एक सांगा, त्या चढणीवर तुमची बोलेरो नेमकी कशी अडकते? चाक जागेवर गरगर फिरतं की गाडी आडवी घसरते? सगळं उत्तर त्यात आहे.

बोलेरोची मागची चाकं गाडी ढकलतात. मागे वजन नसलं की ती चाकं हलकी असतात. त्यात साधं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला फेरा वाटून देणारा भाग) असं की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळा फेरा मिळतो. एक चाक चिखलात गेलं की तेच भिरभिरतं, दुसरं चांगल्या जमिनीवर असूनही ढिम्म. फोर बाय फोर केलं की पुढच्या दोन चाकांच्या धुरीलाही जोर मिळतो. पण प्रत्येक धुरीवर तीच गोची राहते, म्हणून पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं भिरभिरत चार चाकांची गाडी रुतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. इथे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक कामाला येतं. रॉक्सच्या फोर बाय फोरला मागच्या डिफरन्शियलचं लॉक बटणावर आहे. तुमच्या मॉडेलच्या कागदावर ते लिहिलंय का, बघून घ्या. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे. जिम्नीला असं लॉक नाही, ती भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते. शिवाय अंगाने हलकी, त्यामुळे रुतते कमी.

दुसरं म्हणजे फोर लो, चारही चाकांना जास्त जोर पण हळू चाल देणारा गिअर. लोक चढ दिसला की लांबून वेग घेऊन सुटतात. तांबड्या मातीत तसं करू नका. फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय क्लचवरून पूर्ण काढायचा आणि गाडीला तिच्या चालीने चढू द्यायचं. अर्ध्या क्लचवर झुंजलात की जळका वास येतो, तो वास वीस-तीस हजारांचा असतो. म्हणून दोन लाख जास्त असले तरी माझं मत ऑटोमॅटिकला. आणि घाटातल्या कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका. वळणात पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे त्याला सूट नसते, सगळा ताण गिअर-शाफ्टवर येतो.

तिसरं, आणि खरं तर हेच पहिलं: टायर. शोरूममधून येतात ते टायर बऱ्याचदा रस्त्यासाठीचे असतात. खाचा चिखलाने भरल्या की तो टायर म्हणजे चार गुळगुळीत पोळपाट. जाड खाचांचे ऑल टेरेन घाला, मातीचा रस्ता लागला की हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरावर आलात की पुन्हा भरा. सिगारेट लायटरवर चालणारा पंप मिळतो.

पऱ्याचं म्हणाल तर कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते. ते साचलेलं पाणी. पऱ्या वाहतो. गुडघाभर वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, फोर बाय फोर असो नाहीतर रणगाडा.

मावशी_ड्रायव्हर · ५ ऑक्टोबर

सगळे चाकांबद्दल बोलताय, आईंच्या गुडघ्यांचं काय? रॉक्सची बसायची जागा उंच आहे. मी स्वतः पाच फूट एक इंच, हँडल धरून चढले. आईंना घेऊन शोरूमला जा, पाच वेळा चढवा-उतरवा, मगच कार्ड काढा.

आणि कोथरूडला पार्किंग कसलं आहे? गाडी ४४२८ मिलिमीटर लांब, १८७० रुंद, १९२३ उंच. आमच्या सोसायटीत वर-खाली सरकणाऱ्या पाळण्याचं पार्किंग आहे, त्यात ही बसणार नाही. टेप घेऊन मोजा.

पऱ्याकाठचा · ६ ऑक्टोबर

@चिखलपाणी, चाक जागेवरच फिरतं आणि मग गाडी हळूच मागे येते. तेव्हा काका ‘दगड लाव, दगड लाव’ ओरडत धावतात. गोणपाट टाकून पाहिलं, गोणपाट मागे उडून काकांच्याच अंगावर.

@मावशी, पार्किंग उघडं आहे, सुटलो. आईचं लक्षातच नव्हतं, खरंच आभार.

बांधावरचा · ६ ऑक्टोबर

राग मानू नका. अडचण तीनशे मीटरची आणि तुम्ही विकत घेताय वीस लाखांची गाडी. चढणीवर चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या ओता, मधे माती राहू द्या, कडेने पाण्याला चर काढा. आमच्याकडे संगमेश्वराच्या बाजूला बऱ्याच घरांनी असंच केलंय. रिक्षासुद्धा वर जाते. मग बोलेरो अजून पाच वर्षं वापरा.

पऱ्याकाठचा · ६ ऑक्टोबर

दादा, मर्मावर बोट ठेवलंत. त्या तीनशे मीटरपैकी ऐंशी मीटर चुलत्यांच्या जागेतून जातात. त्यांना गेल्या उन्हाळ्यात विचारलं होतं. ‘गाडी जाऊ दे, सिमेंट पडणार नाही’ असं उत्तर आलं. मातीवरून गेलात तर पाहुणे, सिमेंट ओतलं की वहिवाट.

बांधावरचा · ६ ऑक्टोबर

मग समजलं. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण ते शेतात जायच्या वाटेसाठी. शिवाय चुलत्यांवर अर्ज केलात की गणपतीत आरतीला कोण उभं राहणार? घ्या बाबा गाडी. ती स्वस्त पडेल.

हिशेबनीस · ७ ऑक्टोबर

कराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के, त्याच्या वर १५. एमएक्स ५ फोर बाय फोरला कर साधारण २ लाख ६३ हजार. ऑटोमॅटिक वीस लाखांची रेघ ओलांडते म्हणून ३ लाख १५ हजार. म्हणजे शोरूममधला फरक २.२० लाख, कर धरून पावणेतीनच्या जवळ, विमा वेगळा. पेट्रोल जिम्नीला १२ टक्केच. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ घेतो तो प्राप्तिकर) लागतो तो विवरणपत्र भरताना वळता करून घ्या, बरेच जण विसरतात.

स्कॉर्पिओ एन तीन रांगांची, तुम्ही घरात तिघं. जिम्नी चार जणांची आणि सगळ्या सीट वापरात असल्या की डिकी २०८ लिटरची. कोकणातून येताना फणस, नारळ, तांदळाचं पोतं आणि आई यातलं एक काहीतरी मागे ठेवावं लागेल.

पऱ्याकाठचा · २४ नोव्हेंबर २०२४

बऱ्याच दिवसांनी येतोय. नंबर लावला नाही.

दिवाळीत चिपळूणच्या मित्राची छोटी थार फोर बाय फोर आमच्या चढणीवर नेली. अवकाळी सर पडून गेली होती, माती तयारच होती. फोर हायमध्ये (चारही चाकं, पण नेहमीची चाल), कंपनीच्या टायरवर, अर्ध्यात चाकं फिरायला लागली. काका दगड घेऊन उभेच होते. मग चिखलपाणी यांनी सांगितलं तसं केलं. उलटं खाली आलो, फोर लो, पहिला गिअर, हवा वीस, पाय क्लचवरून बाजूला. गाडी इतकी हळू चढली की काका शेजारून चालत गप्पा मारत वर आले. हातातला दगड त्यांनी अंगणात ठेवला, तो अजून तिथेच आहे.

म्हणजे फोर बाय फोर हवीच, हा भाग मिटला. घाई मात्र उरली नाही. पाऊस पुढच्या जूनला. तोवर बोलेरो वरपर्यंत जाते. मधल्या काळात रॉक्सच्या क्रॅश टेस्टचा निकालही आला, भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीत पाच तारे, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९. आईला शोरूमला नेलं. दोनदा चढली, तिसऱ्यांदा म्हणाली, ‘बसल्यावर बरं वाटतंय, पण ही पांढरी सीट कुणी निवडली? त्याला तांबडी माती माहीत नाही काय?’ विक्रेत्याने तपकिरी रंगाचं सुचवलं.

एक पावसाळा अजून खुर्ची वापरतो.

डिझेलदादा · २४ नोव्हेंबर

शहाणे आहात. मेव्हण्याला हे दाखवतो.

नाशकातला · २५ नोव्हेंबर

भाव वाढला की माझी आठवण काढा.

पऱ्याकाठचा · ५ ऑक्टोबर २०२५

@नाशकातला, काढली आठवण. २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला, रॉक्सच्या किमती मॉडेलप्रमाणे १ लाख ३३ हजारांपर्यंत खाली आल्या. हे मला आधी कळलं होतं असं अजिबात नाही, नशीब म्हणा. दसऱ्याला गाडी घेतली. ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, तपकिरी सीट. दुसऱ्याच दिवशी छोट्या थारचं नवं रूप बाजारात आलं. मित्राने फोन करून हसून घेतलं.

काल गावी नेली. यंदा पाऊस लांबला, चढण अजून ओली होती. टायर अजून कंपनीचेच आहेत, तरी फोर लोमध्ये लॉक लावून एकदाही न थांबता अंगणात. चुलते गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसून बघत होते. खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाच्या खाचेत बोट घालून माती काढली आणि म्हणाले, ‘आमच्या जागेतली माती घेऊन चाललास होय रे?’ मग स्वतःच पुढे बसले, एक चक्कर मारून आणायला सांगितली.

आईने जुना पाट डिकीत ठेवलाय, चढायला. मी म्हटलं पायरी लावून घेऊ, तर म्हणे पाटाला पैसे पडत नाहीत.

@चिखलपाणी, आता ऑल टेरेन टायर कुठल्या मापाचे घेऊ, १८ इंची चाकाला २५५/६५ च ठेवू का, तेवढं सांगा.