वाडा वाचवला म्हणता, पण भिंतींचं काय केलंत?

मलप्रभाकाठ: परवा इथं पोस्ट पडली, "गावकऱ्यांनी वर्गणी काढून ४०० वर्षांचा शिवकालीन वाडा वाचवला, आता तिथं वाचनालय." खाली अभिनंदनाचा पूर. मी मुद्दाम खानापूरच्या पुढं जाऊन बघून आलो. वाडा पडू दिला नाही, मान्य. पण मातीच्या भिंतींना आतबाहेर सिमेंटचा गिलावा अन् सागवानी खांबांना चॉकलेटी ऑइल पेंट! मातीची भिंत ओल ओढणारच, ती बाहेर पडायला वाट नको का? मागच्या खोलीत आत्ताच गिलावा फुगलाय, टिचकी मारली की पोकळ वाजतोय. आणि शिवकालीन कशावरून ओ?

गावचा पोरगा: तुम्ही बेळगावात फ्लॅटमध्ये राहून टिचक्या मारा. वारसदार पुण्यात, वाड्याला कुलूप, जेसीबी दारात आलेला, तेव्हा कुठं होता तुम्ही? आमच्या आज्जीनं पेन्शनचे पैसे दिलेत. आणि कौलावर १८६५ छापलंय, डोळे असतील तर बघा.

जांभादगड: १८६५ ला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळूरला सुरू झाला, ते साल छापलंय. पुढं कितीतरी वर्षं तोच छाप मारायचे. महाराज गेले १६८० ला. हिशेब तुम्हीच घाला.

गावचा पोरगा: छप्पर बदलतात की! आधी कुंभाराची नळीची कौलं असणार. भिंती जुन्याच.

जांभादगड: "असणार" वर बोर्ड रंगवू नका एवढंच म्हणतोय. बेळगावात रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घर घ्या, १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद तिथं उतरले होते, भाट्यांच्या मुलानं आठवण लिहून ठेवलीय म्हणून आज छातीठोक सांगता येतं.

निपाणीची सून: बोर्डावरून आठवलं, वाचनालयाचा बोर्ड कुठल्या भाषेत?

सीमावासी: वर कन्नड ठळक, खाली मराठी मुंगीएवढी. विषय संपला. वर्गणी मराठी माणसाची आणि मान कुणाला! १९५६ ला हा भाग तिकडं गेल्यापासून हेच चाललंय.

गोकाकचा गडी: मी घरात कन्नड बोलतो, शाळा मराठी शिकलो, वर्गणी मी पण दिलीय. २०२४ ला पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आलाय, उद्या नोटीस आली तर पोरांच्या बाजूनं उभं राहायला येणार का तुम्ही, की इथूनच जय महाराष्ट्र?

सीमावासी: येणार! २००४ पासून सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय, आमचा बा तारखा मोजत गेला, तुम्हाला काय कळणार त्यातलं.

गोकाकचा गडी: बा माझा पण गेला, म्हणून मी दुसऱ्याच्या वाड्यावर भांडण काढत नाही.

निपाणीची सून: अहो मी सहज विचारलं होतं… आत पुस्तकं तरी आहेत का?

गावचा पोरगा: आहेत, दोन कपाटं, दोन्ही भाषेत. कुणी विचारलंच नाही. आणि हो मलप्रभाकाठ, मागची खोली फुगलीय ते आम्हालाही दिसतंय, आंधळे नाही आम्ही. पण इकडं चुन्याचं काम करणारा गवंडी मिळेना, सिमेंटचे दारात उभे. तुम्ही एवढे जाणते, आणा की एखादा.

मलप्रभाकाठ: आणतो. नंदगडकडं एक म्हातारा गवंडी आहे, गूळ-हिरड्याचं पाणी घालून चुना मळतो. परसात चुना भिजवायला खड्डा काढून ठेवा आणि तोवर मागच्या खोलीचा गिलावा खरवडून टाका. खर्च सांगू नका मला, ऑइल पेंटला होते की पैसे.

गावचा पोरगा: पेंट फुकट मिळालेला, साहेब. म्हाताऱ्याचा नंबर इनबॉक्सात टाका.