शाळेतून बोलावणं आलं की आधी काय मनात येतं? (अनुभव धागा)

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी चौदा वर्षांपासून आहे. हा धागा काढायचं कारण एक थप्पड. ती मी मारली नाही, पण माझ्यामुळे बसली.

चौथीतला एक मुलगा रोज कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जायचा. शेवटी त्याच्या आईला बोलावणं धाडलं. बाई निंदण सोडून, अर्धा रोज पाडून आली. मी 'बसा' म्हणायच्या आत तिनं वर्गाच्या दारातच पोराच्या कानाखाली लावली आणि मग मला विचारलं, "का केलं जी यानं?" पोरगं रडलं नाही. माझ्याकडे पाहत राहिलं. जे सांगायला बोलावलं होतं, ते माझ्या घशातच राहिलं.

तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत चांगलं काही सांगायला मी एकाही घरी गेलो नव्हतो. मग ठरवलं, सायंकाळी गावातून निघण्याआधी एका घरी दोन मिनिटं थांबायचं आणि पोराची एक बरी गोष्ट सांगायची. गोष्ट खरी पाहिजे; बनवलेली पोरांना लगेच कळते. पहिल्यांदा त्याच घरी गेलो. "तुमच्या पोरानं आज नाल्यातून येताना पहिलीतल्या पोराचं दप्तर स्वतःच्या डोक्यावर घेतलं." माय बघतच राहिली. "एवढंच सांगाले आले गुरुजी?"

मारामाऱ्या थांबल्या नाहीत, कमी झाल्या. पण आता काही झालं की त्याची आई हात उगारायच्या आधी मला फोन करते.

तुमचेही अनुभव लिहा. फसलेले आधी लिहिले तर जास्त बरं.

एक आई, दारव्हा तालुका

गुरुजी, अर्धा रोज पाडून आलेली ती बाई म्हणजे मीच समजा. आमच्या इकडं पालकसभा सकाळी अकराले राहे. कापूस वेचाचे पैसे किलोवर भेटते, अकरा वाजता वावर सोडून कोण येईन? सभेले तीन बाया यायच्या, अन् कागदावर 'पालक उदासीन' लिहून व्हायचं. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण लोक पालक पाहिजे, अन् निम्म्या बाया. आमच्या समितीत बाया होत्याच. सह्या करत होत्या.

एक दिवस आम्हीच म्हटलं, सभा रात्री साडेसातले पारावर घ्या. हेडमास्तर तालुक्याहून जाणं-येणं करतात, त्यांच्या कपाळाले आठ्या पडल्या. पण थांबले बिचारे. पार भरला. विषय निघाला पोट्ट्यांच्या शिव्यांचा. एक जण उठून म्हणे, "शाळेतच शिकते पोट्टे हे." मागून आवाज आला, "डवरा हाकताना तू बैलाले काय म्हणतं, ते सांग ना बापा!" सारा पार हसला, मास्तरही हसले.

गावानं बैलाले शिव्या देणं सोडलं असं नाही. पण आता तोंडातून शिवी निघाली तं बाप आधी इकडं-तिकडं पाहते, पोरगं जवळ आहे का म्हणून.

शिक्षिका, वर्धा जिल्हा

फसलेला अनुभव माझ्याकडे आहे. एका प्रशिक्षणातून परत आल्यावर मी वर्गात 'चांगल्या वागणुकीचा तक्ता' लावला. रांगेत उभं राहिलं, खोटं बोललं नाही, डबा वाटून खाल्ला, की नावापुढे चमकीचा तारा. पंधरा दिवस वर्ग नुसता सोन्यासारखा. मग पालकसभा झाली. पालकांनी भिंतीवर तारे मोजले आणि ज्यांच्या नावापुढे दोनच होते, त्यांना घरी जाऊन बदडलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं दुसरीचा तारा खरवडून स्वतःच्या नावापुढे चिकटवला. वागणूक सुधारायच्या तक्त्यानं मी तिला चोरी शिकवली होती.

तक्ता काढून टाकला. आता तीच गोष्ट त्या-त्या मुलाच्या वहीत दोन ओळींत लिहून देते. ती दुसऱ्या कुणाच्या घरी जात नाही.

आणि 'मॅडम, मारा त्याले, आमचं काही म्हणणं नाही' हे अजूनही महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई करतं, हे सांगितलं तर बाप म्हणतो, "मंग तुमी शिकोसान कसे?" त्याला दोष देत नाही. त्याला स्वतःला तसंच शिकवलं गेलं.

शिक्षक, आरमोरीकडचा

आमचा प्रश्न बाहेरच्यांना हसू येईल असा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम. गावात शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, पट आला की रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. नाटक रात्री दहानंतर उभं राहतं ते पार उजाडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धी पोरं गैरहजर आणि उरलेली डुलक्या घेतात नाहीतर चिडून एकमेकांना ओरबाडतात. मी आधी शिक्षा केल्या. मग माझ्याच लक्षात आलं की आदल्या रात्री तिसऱ्या रांगेत मीही होतो.

समितीत बोललो. आपल्या गावचं नाटक असेल तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी. बदल्यात पालकांनी कबूल केलं, परगावच्या नाटकाला शाळेच्या दिवशी पोरं न्यायची नाहीत. पहिल्या वर्षी बऱ्यापैकी पाळलं. दुसऱ्या वर्षी सरपंचांनीच आधी मोडलं. तरी गैरहजेरी पूर्वीसारखी नाही, आणि 'काल कुठं होता?' याचं उत्तर पोरं आता खरं देतात.

पानठेलेवाला, नागभीडकडचा

मी शिकलेला जास्त नाही, पण लिहितो. माझा पानठेला आहे. आमच्याकडं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला, सगळ्यांनाच माहीत. आठ-नऊ वर्षांचं लेकरू पैसे घेऊन यायचं, "बाबाचा खर्रा द्या." मी पन्नीवर घोटून द्यायचो. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायचा नाही, हे माहीत होतं. पण मनाला सांगायचो, खाणारा तर बाप आहे.

एक दिवस सर आले. भांडतील वाटलं. त्यांनी चहा मागितला आणि म्हणाले, "सहावीतल्या दोघांच्या दप्तरात खर्रा सापडला. एक तुमचा आहे." माझा म्हणजे माझ्या ठेल्यावरचा, असं मी समजलो. ते माझ्या पोराबद्दल बोलत होते.

सरांनी वर्गात त्याचं नाव घेतलं नाही, हे मी विसरणार नाही. त्यांनी सगळ्या पोरांना आपापल्या बापाला चिठ्ठी लिहायला लावली. माझ्या पोरानं लिहिलं होतं, 'बाबा तुमच्या हाताचा वास मले आवडत नाही.' बस, एवढंच. रात्री बायकोनं दोनदा वाचून दाखवली.

ठेला बंद केला नाही, पोट त्याच्यावर आहे. पण लेकराच्या हाती द्यायचं बंद केलं. चार बाप चिडले, "आता मी स्वतः येऊ का?" म्हटलं, या. एक जण खरंच रोज चालत येतो आणि शिव्या देतो.

शिक्षक, बुलढाणा

सगळं छान आहे हो. पण दोनशिक्षकी शाळा, त्यात एक जण निवडणुकीच्या नाहीतर कुठल्या तरी सर्वेक्षणाच्या कामाला. घरोघरी जायचं कधी, तेही लिहा कुणीतरी.

अचलपूर तालुका (आजीच्या सांगण्यावरून नातू लिहितो)

माझे आईबाबा पुण्याला कामावर असतात, मी आणि लहान भाऊ आजीजवळ. भाऊ तिसरीत आहे, खूप खोड्या करतो. मॅडम वहीत लिहून पाठवायच्या. आजीला वाचता येत नाही, मी वाचून दाखवायचो आणि भावाला वाचवायला अर्धं गाळायचो. मॅडमच्या ते ध्यानात आलं. आता दर शुक्रवारी चार वाजता त्या आजीला फोन करतात. आजी फोन घ्यायच्या आधी चष्मा लावते, का ते तिलाच माहीत. मॅडम आधी एक चांगलं सांगतात, मग खोड्या. आजी शेजारच्या दोघींना स्पीकरवर ऐकवते, चांगलं तेवढंच. खोड्यांचा नंबर आला की स्पीकर बंद.

गेल्या शुक्रवारी पाऊस होता, रेंज नव्हती. पाच वाजता आजी छत्री घेऊन शाळेच्या फाटकाशी. "का वं मॅडम, आज फोन नाही आला? काही केलं का यानं?"