मदत हवी आहे: बोंडअळीच्या व्हिडिओवर कमेंट काहून येत नाहीत?

नमस्कार मंडळी. घाटंजीकडचा (जि. यवतमाळ) आहे, यूट्यूबवर कपाशीचं लहानसं चॅनल चालवतो. गुलाबी बोंडअळीवर मन लावून व्हिडिओ केला. डोमकळी (अळीमुळं न उमललेलं, मिटून राहिलेलं फूल) उकलून आतली अळी जवळून दाखवली, कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) कसा लावायचा ते दाखवलं, सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग सापडले की फवारणीचं बघायचं हेही सांगितलं. पाहणारे बऱ्यापैकी आहेत, पण नुसते अंगठे. कमेंट एक नाही.

आणि दुसऱ्या एका व्हिडिओत धुऱ्यावर उभे राहून बाबा एवढंच बोलले, "पऱ्हाटी (कपाशी) चार बाय एक फुटावरच लावा, तीन बाय एकात हवा खेळत नाही." त्यावर वर्ध्यापासून जालन्यापर्यंतचे लोक कमेंटमध्ये तुटून पडले! सेटिंग पाहिली. व्हिडिओ 'मुलांसाठी' म्हणून टाकला की कमेंट बंद होतात, पण तसं काही नाही. मग अडतं कुठं?

प्रतिसाद १
भाऊ, अंतरावर ज्याच्या त्याच्या वावराचा अनुभव आहे, अन् बाबांनी तो खोडला. लोक गप्प बसतील का? अळीचं तू इतकं पुरं सांगितलंस की बोलायला जागाच ठेवली नाहीस. पाहणारा 'बरं' म्हणतो अन् पंप पाठीवर घेतो. ग्रामसभेसारखंच आहे, पहिला कोणी उठेपर्यंत सारे खाली मान घालून. पहिली कमेंट तूच टाक अन् पिन कर. शेवटी 'लाइक करा, शेअर करा' म्हणून काही होत नाही. तोवर अर्धे निघून गेलेले असतात. डोमकळी हातात असतानाच विचार, "तुमच्याकडं दिसली का?"

प्रतिसाद २
दादा, आमचे सासरे असले व्हिडिओ रोज पाहतात. टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि खाली लांबलचक व्हॉइस मेसेज. तुमच्या कमेंटी तिथं पडत असतील, तुम्हाला दिसत नाहीत इतकंच. एका शब्दात उत्तर देता येईल असं विचारा. आणि भांडण लावून कमेंट मिळवायच्या नादी लागू नका, बाबांना उगाच बोल लागतील.

धागाकर्ता
ताई, बाबांना तर मजा येऊन राहिली, रोज वाचून दाखव म्हणतात. आता पिन करतो: "काल रात्री सापळ्यात पतंग किती? आकडा आणि गाव लिहा." पण कोणी मनानंच आकडे ठोकले अन् ते पाहून दुसऱ्यानं फवारणी केली तर? सापळ्याचा फोटो मागावा म्हटलं, तर कमेंटमध्ये फोटो टाकता येत नाही. यावर कोणी काही केलं आहे का?