प्रति: फार्मा बँकिंगसाठी एमबीए पुरेसं आहे का?

'विज्ञान काय, कामावर शिकता येतं' असं वर कुणीतरी म्हटलंय. औषध कंपन्यांची खरेदी-विक्री आणि भांडवल उभारणी जुळवून देणाऱ्या बँकरसाठी ते जेनेरिक, म्हणजे पेटंट संपलेली औषधं बनवणाऱ्या, कंपन्यांच्या सौद्यांपुरतं मान्य. तिथे विक्री असते, नफा असतो. ताळेबंद नीट वाचता आला की निम्मं काम झालं. बायोटेकमध्ये, म्हणजे नवी औषधं शोधणाऱ्या कंपन्यांत, बहुतेकदा विकायला औषधच नसतं. माणसांवरच्या चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एक बाजारात येतं, आणि कंपनीची किंमत त्या शक्यतेवरच ठरते. चाचणीचे आकडे वाचता न येणारा बँकर तिथे काय बोलणार?

या चर्चेत स्टेलिओस पापाडोपुलोस यांचं नाव अजून कसं आलं नाही? न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून बायोफिजिक्समध्ये पीएचडी, तिथलंच एमबीए, मग पेनवेबर आणि कोवेन या अमेरिकी गुंतवणूक बँकांमध्ये बायोटेक बँकिंग. एक्सेलिक्सिस या बायोटेक कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि २०१४ मध्ये बायोजेन या दुसऱ्या बायोटेक कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. एमबीए त्यांनीही केलंच होतं म्हणा, पण नुसतं तेवढंच नाही.