इनमन यांना त्या माळेत ओवू नका

लष्करी गुप्तवार्ता खात्यातली माणसं पुढे कंपन्यांत आणि विद्यापीठांत शिरतात ती निव्वळ ओळखींवर, असं काही जण म्हणतात. काहींबाबत असेलही, पण अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल बॉबी रे इनमन यांच्याबाबत मला ते अजिबात पटत नाही. १९७७ ते १९८१ ते एनएसएचे, म्हणजे परक्यांचे संदेश टिपून उलगडणाऱ्या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मार्टिन हेलमन वगैरे मंडळी तेव्हा गुप्तलेखनावरचं, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नयेत असे बनवण्याच्या शास्त्रावरचं संशोधन उघड छापू लागली होती. एनएसएतल्या एका कर्मचाऱ्यानं तर असं उघड छापणं शस्त्रनिर्यात कायद्याचा भंग ठरू शकतं, असा इशारा देणारं पत्रही लिहिलं होतं. इनमन मात्र स्वतः जाऊन हेलमनना भेटले. मतभेद लगेच मिटले नाहीत, पण बोलणं सुरू झालं आणि पुढे दोघांची मैत्रीही झाली.

१९८३ मध्ये ते एमसीसीचे प्रमुख झाले. जपानच्या पाचव्या पिढीच्या (तर्क करू शकणाऱ्या) संगणकांच्या प्रकल्पाला तोंड द्यायला अमेरिकी कंपन्यांनी मिळून काढलेली ही संशोधनसंस्था. एरवी एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांना एका छताखाली आणायचं, तर कुणाला किती सांगायचं आणि काय राखायचं याची जाण हवीच. माझ्या मते ती त्यांच्याकडे खात्यातूनच आली होती. नंतर टेक्सास विद्यापीठाच्या एलबीजे स्कूलमध्ये (सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या विभागात) त्यांनी अनेक वर्षं शिकवलं.