३०० गोबरगॅस आणि कार्बन क्रेडिट: खर्च तरी निघेल का? सल्ला हवा

भुदरगडकर
नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. गेल्या चार वर्षांत ११ गावांत १४० गोबरगॅस बांधले, सगळे दीनबंधू पद्धतीचे (जमिनीत बांधलेले, विटांच्या घुमटाचे), २ घनमीटरचे. आणखी ३०० घरं मागे लागली आहेत. घरटी दोन-तीन म्हशी आहेत, शेणाला तोटा नाही, अडतंय पैशावर. अनुदान वजा जाता उरलेली रक्कमही घरांना जड जाते. एक सल्लागार म्हणतात, कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे लाकूड कमी जाळल्याने घटलेलं कार्बन उत्सर्जन टनावर विकून, सगळा खर्च निघेल. पण कागदपत्रांसाठी ते जी आगाऊ रक्कम मागतात, ती आमच्या वर्षाच्या बजेटहून मोठी आहे. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन घाट चढणाऱ्या बायका रोज दिसतात, म्हणून विषय सोडवत नाही. कुणी केलंय का हे?

शिवारफेरी
केलंय, आणि पहिला सल्ला हाच की एकट्याने करू नका. प्रकल्प आराखडा, त्रयस्थ संस्थेची पडताळणी, नोंदणी, दर वेळची मोजणी, हा खर्च ३०० घरांना येतो तो ३००० घरांना काही दहापट होत नाही. छोटे प्रकल्प मरतात ते इथेच.

हिशोब मांडून बघा. एका गोबरगॅसमागे वर्षाला साधारण ३ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो असं धरा; एक टन म्हणजे एक क्रेडिट, म्हणजे ३०० घरांचे ९०० क्रेडिट. दर ८०० रुपये धरला तर ७ लाख २० हजार. त्यातून पडताळणी करणाऱ्या ऑडिटरची फी, क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीचं शुल्क, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन वजा करा. आणि हे पैसे येतात बांधून, वापरून, मोजून झाल्यावर. तुम्हाला गरज आहे ती बांधायच्या आधी.

म्हणून आधीच नोंदलेल्या एखाद्या मोठ्या छत्री कार्यक्रमात सामील व्हा. त्यात नोंदणी एकदाच होते आणि तुमच्यासारखे गट मागाहून जोडता येतात. कर्नाटकात बागेपल्लीला एकदा जाऊन या. तिथल्या एडॅट्स संस्थेने ५,५०० गोबरगॅसचा प्रकल्प क्योटो कराराच्या सीडीएम यंत्रणेत (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांचे क्रेडिट श्रीमंत देशांना विकायची सोय) २००५ मध्येच नोंदवला. तुमच्यासारखेच २ घनमीटरचे, पण मागे गावोगावची मजुरांची संघटना उभी होती. आकडा मोठा आणि माणसं बांधलेली, म्हणून ते जमलं.

दराच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका. २००८ मध्ये २० युरोच्या वर गेलेलं सीडीएम क्रेडिट २०१२ संपताना १ युरोच्या खाली आलं होतं. करारात किमान दर लिहून घ्या.

नीला_प
मी पडताळणीच्या कामात होते, त्या बाजूने सांगते. बांधून झालेले १४० बाजूला ठेवा. ऑडिटर पहिलं हेच विचारतो की कार्बनचा पैसा नसता तर हे झालंच नसतं का? ते तर झालेले आहेत. नवीन ३०० घरांची पाहणी मात्र खड्डा खणायच्या आधी करा. चुलीला रोज किती लाकूड लागतं ते ताणकाट्याने तोला, विचारून अंदाजे लिहू नका.

सरपणातला किती भाग जंगलात पुन्हा उगवून येत नाही, त्यावर क्रेडिटचा आकडा ठरतो, कारण पुन्हा उगवणारं झाड तेवढा कार्बन परत शोषून घेतं. सुधारित चुलींच्या प्रकल्पांनी इतर गोष्टींबरोबर हा भागही फुगवून दाखवला, म्हणून प्रत्यक्ष बचतीच्या कितीतरी पट क्रेडिट वाटले गेले, असं २०२४ च्या एका अभ्यासात निघालं. तेव्हापासून चांगले खरेदीदार सावध झाले आहेत. कमी आकडा दाखवा, पण तो टिकेल असा दाखवा.

प्रत्येक संयंत्राला क्रमांक, फोटो, चालू झाल्याची तारीख आणि बंद पडल्याची तारीखसुद्धा. बंद दिवस लपवू नका. सगळी घरं तपासावी लागत नाहीत, नमुना चालतो. पडताळणी दरवर्षी न करता दोन-तीन वर्षांनी केली तर फी बरीच वाचते.

खाजणकाठ
केनियात गाझी खाडीवर मिकोको पामोजा नावाचा कांदळवनाचा प्रकल्प आहे. अवघे ११७ हेक्टर, क्रेडिट वर्षाला ३,००० टनांच्या आसपास, तरी २०१३ पासून चालू आहे. कारण त्यांनी छोट्या गावप्रकल्पांसाठीच बनवलेलं प्लॅन व्हिवो हे मानक घेतलं, आणि विक्री स्कॉटलंडमधली एक धर्मादाय संस्था करते, मधला व्यापारी नाही. पैसा गावाच्या पाण्याला आणि शाळेला जातो. असा थेट खरेदीदार शोधा.

भुदरगडकर
मनापासून आभार. म्हणजे बांधकामाचा पैसा यातून येणार नाही, हे धरूनच चालतो. मग तो उभा कसा करायचा? आणि क्रेडिटवर हक्क कुणाचा?

शिवारफेरी
बांधकामाला अनुदान आणि कर्ज. तुमच्याकडे दूध संस्था दर दहा दिवसांनी बिल देते ना? पतसंस्थेचं कर्ज काढून हप्ता दूधबिलातून कापून घ्या. आमच्याकडे अशी वसुली कधी थकली नाही, कारण गॅस लागला की घरची बाईच हप्त्याची आठवण ठेवते.

हक्क घराचाच. संस्थेला विक्रीचा अधिकार देणारं एक पानी करारपत्र मराठीत करा, नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या, वाटा आकड्यात लिहा.

त्या वाट्याचे पैसे मात्र घरटी रोख वाटू नका, त्यांचं काय करायचं ते ग्रामसभेत ठरवून घ्या. त्यातून पगारी गवंडी ठेवा. डोमला चीर गेली, पाइपात पाणी साचलं, तर दोन दिवसांत येणारा माणूस हवा. नाहीतर लोक चुलीकडे परततात, वर गळणारा मिथेन, जो हवा आणखी तापवतो, तो वेगळाच. आमची ६० संयंत्रं फक्त मिस्त्री मिळेना म्हणून बंद होती.

नीला_प
करारात घर विकलं किंवा म्हशी विकल्या तर काय, हेही लिहा. हवा असल्यास कराराचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवते.